महामारीत हसलो, त्याची माफी कशाला मागायची?

कोविडच्या दिवसांतली एखादी गंमत कुणी सांगायला लागलं की बसलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "लोक मरत होते तेव्हा, आणि तुम्हाला हसू सुचत होतं?" सांगणारा ओशाळतो, "नाही हो, तसं नाही" म्हणतो आणि विषय बदलतो. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांनी आपलं माणूस गमावलं त्यांना असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे, त्यांच्यापुढे मी गप्पच बसेन, पण बहुतेक वेळा हे वाक्य त्यांच्याकडून येतच नाही, ते येतं गंभीर चेहरा म्हणजेच संवेदनशीलता असं धरून चालणाऱ्यांकडून. आणि यामुळे होतं काय, की त्या काळाची आठवण काढायची तर फक्त आकडे, चिता, ऑक्सिजनच्या रांगा एवढंच काढायचं आणि लोकांनी घराघरात जे रोज निभावलं ते कुठेच नोंदलं जात नाही.

माझं म्हणणं असं आहे की त्या काळात लोक जे हसले ते संकटात अडकलेले असताना हसले, एकमेकांना धरून ठेवण्यासाठी हसले, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. मात्र लोकांच्या या चिवटपणाचं कौतुक करून कुणी स्वतःची जबाबदारी झटकायला लागलं तर त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं. या दोन्ही गोष्टी मी सोबतच म्हणतेय, कारण एक सोडून दुसरी म्हटली की घोळ होतो.

संकट केवढं होतं ते मी विसरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ११ मार्चला याला महामारी म्हटलं आणि ती आणीबाणी उठली थेट ५ मे २०२३ ला. सव्वातीन वर्षं. त्यातल्या २०२० आणि २०२१ या दोनच वर्षांत जगात नेहमीच्या मानाने सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले असा याच संघटनेचा अंदाज आहे, आणि पहिल्या वर्षभरातच चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं. पण सव्वातीन वर्षं सलग कुणी रडू शकत नाही, माणूस तसा बनलेलाच नाही. त्या सव्वातीन वर्षांत भांडी घासायची होती, पोरांचा अभ्यास घ्यायचा होता, हप्ते भरायचे होते, केस वाढत होते ते घरच्या घरी कापायचे होते आणि कापल्यावर आरशात बघायचं होतं. महामारी म्हटलं की डोळ्यांपुढे हॉस्पिटल येतं, पण बहुतेकांची महामारी घरात गेली, म्हणजे भीती आणि कंटाळा यांच्यासोबत एकाच खोलीत गेली, आणि ही दोन्ही एकत्र आली की माणसं एकमेकांची थट्टा करायला लागतात. हे आजचं नाही. १९१८ च्या फ्लूच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत मास्क सक्तीचे झाले तेव्हाही वर्तमानपत्रांत मास्कवरचे यमक जुळवलेले दोन ओळींचे तुकडे आणि व्यंगचित्रं छापून येत होती, आणि दोरीवरच्या उड्या मारताना लहान मुली त्याच तापावरचं गाणं म्हणायच्या, ज्या तापाने त्यांच्या शेजारची घरं रिकामी होत होती.

माझी मावशी पॉझिटिव्ह आली तेव्हा तिला घरातल्याच एका खोलीत वेगळं ठेवलं होतं. काका दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायचे, टकटक करायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे, मग ती दार उघडून ताट आत घ्यायची. काकांची झोप उडालेली, दर थोड्या वेळाने फोन करून ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचे, ती सांगायची, परत दोघं गप्प. मग एका दुपारी फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, "रूम नंबर एक. सर्व्हिस वेळेवर. वेटर देखणा आहे पण हसत नाही. पाचपैकी तीन स्टार." काकांनी बऱ्याच वेळाने उत्तर दिलं, "गैरसोयीबद्दल मॅनेजमेंट दिलगीर आहे. वेटरला हसण्याचं ट्रेनिंग देण्यात येईल." मग ते रोजचंच झालं, ताटामागे रिव्ह्यू, रिव्ह्यूमागे खुलासा, एकदा तिने चेक-आउट कधी मिळणार विचारलं तर "मागचं बिल क्लिअर झाल्याशिवाय नाही" असं उत्तर, आणि सगळा ग्रुप त्यात पडला, कुणी तक्रार निवारण अधिकारी झालं, कुणी शेजारच्या रूमचा गिऱ्हाईक. ती बरी झाल्यावर मी तिला विचारलं की तुला हे सुचलं कसं गं, तर म्हणाली, "अगं, आकडा सांगितला की तुझे काका घाबरायचे, आणि ते घाबरलेले कळले की मी घाबरायचे. स्टार द्यायला लागले तेव्हा निदान बोलायला लागलो आम्ही." मला यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते काकांनी नंतर सांगितलेलं. रिव्ह्यू आला म्हणजे ती शुद्धीवर आहे, टाइप करण्याइतकी ताकद आहे, तिला दम लागलेला नाही आणि तिचं डोकं नेहमीसारखं चालतंय, हे सगळं त्यांना त्या एका ओळीत कळायचं. ऑक्सिमीटर हे सांगत नव्हता. एखाद्या दिवशी रिव्ह्यू उशिरा आला की ते दाराशी जाऊन उभे राहायचे.

आता हे विनोद काही फार भारी नव्हते, कागदावर वाचले तर कुणी ढिम्म हसणार नाही. पण हसण्याचा विनोदाशी संबंध आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात लोक आपसात हसतात ते नुसतं ऐकून टिपून ठेवलं, असे १२०० प्रसंग गोळा केले, आणि त्यात दिसलं की हसण्याच्या आधी बोललं गेलेलं वाक्य विनोदी म्हणता येईल असं फक्त १० ते २० टक्के वेळा होतं. बाकी सगळं "बरं चल, भेटू मग" छापाचं. एकटा असताना माणूस जितका हसतो त्याच्या ३० पट तो चारचौघांत असताना हसतो, हेही त्यांचंच निरीक्षण. म्हणजे हसू मुळात माणसाशी असतं, विनोद हे निमित्त. आणि लॉकडाऊनने आपल्याकडून नेमकं काय काढून घेतलं ते बघा, मोठे समारंभ, प्रवास वगैरे तर गेलेच पण लिफ्टमध्ये, जिन्यात, पाण्याच्या कूलरपाशी, रांगेत अनोळखी माणसाशी दिवसभरात जे दहावीस वेळा उगाच हसणं व्हायचं ते गेलं. त्याची जागा भरायला लोकांनी ते मुद्दाम तयार केलं, ठरवून, वेळ काढून. फॉरवर्ड आणि मीम्सना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

व्हिडिओ कॉलवर ते का जमत नव्हतं त्यालाही कारण आहे. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, जगातल्या एकमेकांपासून दूरच्या भाषांमध्येही हे अंतर जवळपास इतकंच निघालंय. कॉलवर आवाज पोचायलाच त्याच्या आसपास किंवा जास्त वेळ जातो, त्यात सॉफ्टवेअर एका वेळी एकाचाच आवाज पुढे करतं, आणि हसणं तर सगळ्यांचं एकावर एक येतं तेव्हाच हसणं वाटतं. वर अर्धे लोक म्यूटवर. एखाद्याने काही गमतीचं बोलावं आणि समोर वीस चौकोनांत वीस माणसं आवाज न करता दात दाखवताना दिसावीत, बोलणाऱ्याला कळतच नाही की पोचलं की नाही. त्या कॉल्सनंतर जो थकवा यायचा त्यात याचाही वाटा होता असं मला वाटतं. आणि तरी लोकांनी त्यातून वाट काढलीच, आमच्याकडे आजीचं फक्त कपाळ दिसायचं आणि सगळे "आजी फोन खाली घे" असं एकसुरात ओरडायचे, पुढे पुढे तर आजी मुद्दामच कपाळ दाखवायला लागली कारण तेवढ्याने सगळी पोरं एकदम बोलतात हे तिच्या लक्षात आलं होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या एका कोर्टात ऑनलाइन सुनावणी चालू असताना एका वकिलाच्या चेहऱ्यावर मांजराचा फिल्टर अडकला आणि तो काढता येईना, आणि ते गृहस्थ अत्यंत गंभीरपणे न्यायाधीशांना म्हणाले की मी इथे हजर आहे, मी मांजर नाही. ती क्लिप जगभर फिरली. ज्या देशांत त्यांची भाषा कुणाला येत नाही तिथेही फिरली. मी तिच्याबद्दल बराच विचार केलाय, कारण त्या एका क्लिपमध्ये त्या काळातलं चांगलं हसणं कसं होतं ते पूर्ण दिसतं, कुणाचा अपमान नाही, वकील काम सोडून पळाला नाही, न्यायाधीशांनी शांतपणे काय करायचं ते सांगितलं, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं की हा मीच आहे, माझंही असंच काहीतरी परवा झालंय. रोजची कामं अशी अनोळखी यंत्रांतून करावी लागत होती, वयस्कर शिक्षकांना, डॉक्टरांना, बँकेतल्या लोकांना, सगळ्यांनाच, आणि चुकलं तरी पुढे चालू ठेवायचं हे सगळे एकमेकांकडे बघून शिकत होते.

हसण्याने शरीरात काही होतं का, तर होतं, पण जेवढं होतं तेवढंच सांगायला हवं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना कॉमेडी दाखवली, काहींना साधे माहितीपट दाखवले, आणि आधी व नंतर त्यांची दुखणं सहन करण्याची क्षमता मोजली, म्हणजे बाटली गार ठेवायचं गोठवलेलं कव्हर हातावर चढवून किंवा ब्लड प्रेशरचा पट्टा आवळून कितीपर्यंत सहन होतं ते. जे हसले त्यांचं सहन करणं वाढलं होतं. नंतर २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कूमधल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की मित्रांसोबत हसल्यावर शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं स्रवतात. एवढं खरं. पण त्याचा अर्थ हसल्याने विषाणू मरतो, प्रतिकारशक्ती वाढून कोविड होत नाही असा होत नाही, आणि त्या काळात असलं जे काही पसरवलं गेलं त्याने लोकांचं नुकसान झालं. विषाणूला लस लागते, श्वासाला ऑक्सिजन लागतो, खोलीला खेळती हवा लागते. हसू लागतं ते हे सगळं मिळेपर्यंत थांबायला, आणि मिळाल्यावर जे दुखतं ते सोसायला.

मग कधी हसायचं आणि कशावर, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांचं बरंचसं ऐकायला तयार आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं तेव्हा पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळावरचे तेच ते विनोद लोकांना वेगवेगळ्या तारखांना वाचायला दिले. वादळ प्रत्यक्ष आदळलं आणि नुकसान समोर यायला लागलं तेव्हा ते विनोद फारसे हसू आणत नव्हते, महिन्याभराने सगळ्यात जास्त हसू आलं आणि मग हळूहळू ते विनोद शिळे झाले. फार जवळून हसता येत नाही आणि फार लांबूनही नाही. आता हे महामारीला लावून बघा. वादळाला एक तारीख असते, महामारीत प्रत्येक घराची तारीख वेगळी होती. एकाच ग्रुपमध्ये, एकाच संध्याकाळी, एकाच्या घरी सगळे बरे होऊन महिना झालेला, दुसऱ्याच्या वडिलांना त्याच दिवशी व्हेंटिलेटरवर घेतलेलं, तिसऱ्याच्या घरी अजून काहीच झालेलं नाही आणि त्याला हे सगळं थोडं लांबचं वाटतंय. तो एक विनोद टाकतो. पहिल्याला सुटल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला थोबाडीत बसल्यासारखं. यात टाकणारा दुष्ट होता असं नाही, आणि दुखावला गेलेला हळवा होता असंही नाही, दोघं वेगवेगळ्या तारखेत जगत होते. हे तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर कित्येक नाती वाचली असती, मला अशी भावंडं माहीत आहेत जी त्या काळातल्या एका फॉरवर्डवरून आजही बोलत नाहीत.

म्हणून ज्याच्यावर बेतलंय त्याला पहिलं हसू द्यावं. मावशीने स्वतःच्या खोलीला हॉटेल म्हटलं म्हणून बाकीच्यांना त्यात पडता आलं, तेच आम्ही बाहेरून सुरू केलं असतं तर ते निर्दयपणाचं झालं असतं.

आणि कुणावर, हेही आलंच. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोद वापरण्याच्या चार तऱ्हा मांडल्या, माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच तुडवून इतरांना खूश करणारा, त्यातल्या पहिल्या दोन माणसाला टिकवतात. महामारीत टोचणाराही भरपूर होता. आजाराचं खापर कुणावर तरी फोडायचं आणि ते हसत हसत फोडायचं, म्हणजे कुणी हरकत घेतली तर "अरे मजा केली" म्हणता येतं. १९१८ चा फ्लू जगाने स्पेनच्या नावावर टाकला कारण युद्धात तटस्थ असलेल्या स्पेनची वर्तमानपत्रं तेवढी उघडपणे त्याच्या बातम्या देत होती, आणि स्पेनमधल्या लोकांनी त्याच तापाला तेव्हा गाजत असलेल्या गाण्यावरून 'नेपल्सचा सैनिक' म्हणायला सुरुवात केली. या वेळी हे टाळायचं म्हणून ११ फेब्रुवारी २०२० ला आजाराचं नाव ठरवताना त्यात जागा, प्राणी, लोकसमूह यातलं काहीही येणार नाही हे मुद्दाम पाहिलं गेलं. तरी लोकांनी करायचं ते केलंच, दिसण्यावरून, देशावरून, वस्तीवरून माणसांना हिणवलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हाताऱ्या माणसांच्या मरणावरचे विनोद, म्हणजे ते तसेही जायचेच होते या चालीवरचे. ज्याने ते पाठवले त्याच्या फोनमध्ये त्याचीच आजी त्याच ग्रुपमध्ये होती. त्या हसण्याची बाजू मी घेणार नाही.

सत्तेत बसलेल्यांनी हसवावं का? माझं मत, हो, पण त्या हसवण्यात माहिती पाहिजे आणि जबाबदारी पाहिजे. ६ एप्रिल २०२० ला न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की दातांची परी आणि ईस्टरचा ससा (तिकडच्या पोरांना भेटी आणून देणारी ही काल्पनिक पात्रं) हे दोघंही अत्यावश्यक सेवेत मोडतात, पण त्यांनाही घरदार आहे, तेव्हा यंदा त्यांना सगळ्यांच्या घरी पोचणं जमेल असं नाही, हे पोरांनी समजून घ्यावं. वरवर गोड वाटतं, पण त्या एका वाक्यात पोरांना खरं सांगितलेलं होतं की यंदा नेहमीसारखं होणार नाही, आणि आईबापांवरचं ओझं सरकारने थोडं आपल्या खांद्यावर घेतलेलं होतं. त्याच्या आधी, १६ मार्चला, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी फक्त मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली, मोठ्या पत्रकारांना त्यात प्रश्न विचारायला बंदी, आणि मुलांना सांगितलं की एवढं सगळं एकदम बदलल्यावर भीती वाटणं बरोबरच आहे. दोन्ही ठिकाणी हलक्या आवाजात बोललं गेलं आणि दोन्ही ठिकाणी पाठीमागे यंत्रणा कामाला लागलेली होती, म्हणून ते लोकांनी घेतलं.

याच्या उलट काय असतं तेही मी पाहिलंय. तेव्हा मी जिथे काम करत होते तिथे पगार कापल्याचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून ऑनलाइन सेशन ठेवलं गेलं, हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू, सगळ्यांनी मिळून एक मिनिट मोठ्याने हसायचं. आमच्यातल्या एकीचा भाऊ त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये होता. ती हसली, कारण कॅमेरा चालू होता. मी तिच्या चौकोनाकडे बघत होते आणि मला इतका संताप आला की तो आजही तसाच आहे. बाहेरून लादलेल्या असल्या हसण्याने माणूस टिकत तर नाहीच, उलट त्याला मोकळेपणाने घाबरायची परवानगीही राहत नाही. आणि "आपले लोक किती चिवट, किती हसतमुख" हे कौतुक जेव्हा वरून यायला लागतं तेव्हा जरा तपासून बघावं की त्यासोबत काय येतंय, खाटा येतायत का, पगार येतोय का, सुट्टी मिळतेय का, की फक्त कौतुकच.

कारण चिवटपणा हा काही मोजक्या धीराच्या माणसांचा गुण नाही. जॉर्ज बोनानो हे मानसशास्त्रज्ञ २००४ पासून हेच मांडतायत की मोठ्या आघातानंतर बहुतेक माणसं तग धरून राहतात, तेच सर्वसाधारण आहे. आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी हेही दाखवलं की कोण तग धरेल हे ज्या गोष्टींवरून ठरतं त्यात उत्पन्न बुडालं का, आधाराला माणसं होती का, आधीपासून आजारपण होतं का, या साध्या गोष्टी येतात. म्हणजे मावशी विनोद करू शकली कारण तिला वेगळी खोली होती, दाराबाहेर ताट ठेवणारं माणूस होतं, आणि त्या महिन्यात घरात पैसे येत होते. एका खोलीत सात जण राहतात तिथे ताट कुठल्या दाराबाहेर ठेवणार? तिथेही लोक हसलेच असतील, मला खात्री आहे, पण त्यांच्या हसण्याचं कौतुक करण्याआधी त्यांना खोली मिळायला हवी होती.

हे दोन्ही सोबत कसं करायचं याचं मला आवडलेलं एक उदाहरण आहे. इबोलाच्या साथीत लायबेरियामध्ये डॉक्टर-नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, रुग्णाला फक्त गॉगल दिसायचे, कुणाचा चेहराच दिसायचा नाही. मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकन कलाकार २०१५ मध्ये तिथे गेल्या, त्यांनी त्या कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो काढले आणि त्यांचे चिकटवता येतील असे प्रिंट करून दिले, पीपीई चढवल्यावर छातीवर लावायला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आरोग्य संशोधकांनी तीच कल्पना कोविडसाठी उचलली आणि ती इतर हॉस्पिटलांत गेली. विचार करा, बेडवर पडलेल्या माणसाला वाफ धरलेल्या काचेमागचे दोन डोळे दिसण्याऐवजी त्याखाली एक हसणारी बाई दिसते, तिला नाव आहे, तिच्या गालावर खळी आहे, आणि हीच मला सुई टोचणार आहे हे त्याला कळतं. खर्च जवळजवळ नाही. पण कुणीतरी रुग्णाच्या नजरेने बघितलं आणि मग प्रिंटर, चिकट कागद, फोटो काढायला वेळ याची व्यवस्था केली. त्यात नुसतं "हसतमुख राहा" असं सांगणं नव्हतं.

२० मे २०२५ ला जगातल्या देशांनी जागतिक आरोग्य सभेत महामारीविषयीचा करार मंजूर केला, त्यात लसी, औषधं, जंतूंचे नमुने यांच्या न्याय्य वाटपाबद्दल बरंच आहे आणि ते असायलाच हवं. मला त्याच्या जोडीला स्थानिक पातळीवरच्या प्रत्येक तयारीच्या यादीत काही साध्या ओळी हव्या आहेत. वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला रोज घरच्यांशी बोलायला फोन आणि तो धरायला एक माणूस, आणि शेवटचं भेटणं कुणाचंही चुकू नये अशी सोय. नर्सेसना ड्युटीमध्ये बसायला एक खोली, जिथे त्या मास्क काढून आपसात बोलू-हसू शकतील, कारण त्यांचं ते हसणं बाहेर कुणी व्हिडिओ काढून व्हायरल केलं की लोक तुटून पडतात, आणि बारा तास मरण बघणाऱ्या माणसाने पाच मिनिटं हसावं यात लाजण्यासारखं काहीही नाही. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एक ठरलेला वार. वेगळं राहायला ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यासाठी जागा. आणि ऑफिसांनी सक्तीची हास्यसत्रं घेऊ नयेत, त्या वेळात लोकांना सुट्टी द्यावी.

शेवटी एक काम आपल्या हातातलं. लंडनमधल्या शहर संग्रहालयाने लॉकडाऊनमध्ये व्हायरल झालेली ट्वीट्स चक्क आपल्या संग्रहात घेतली. आपण घरच्या घरी एवढं तरी करू शकतो की फोन बदलायच्या आत त्या काळातले ग्रुप उघडून त्यातले आपल्या घरचे विनोद, फोटो, व्हॉइस नोट काढून एका जागी ठेवायचे, आणि प्रत्येकाखाली लिहायचं की हे कुणी कुणाला म्हटलं, त्या दिवशी घरात कोण आजारी होतं, कोण लांब होतं, कोण नंतर राहिलं नाही. "वेटर देखणा आहे पण हसत नाही" हे वाक्य अजून वीस वर्षांनी कुणी वाचलं तर त्याला यातलं काहीच कळणार नाही, त्याखाली दाराबाहेरचं स्टूल आणि ऑक्सिमीटरचा आकडा लिहिलेला असला तर कळेल. मी आमच्या ग्रुपचं सुरू केलंय, बरेचसे मेसेज मिळाले, काही ज्यांच्या फोनमध्ये होते ते फोनच आता नाहीत, तर काही ज्यांनी लिहिले तीच माणसं आता नाहीत, आणि त्यांचे विनोद त्यांच्या मुलांकडून मागून घेताना एकाही घरातून मला "आत्ता कशाला" असं ऐकायला मिळालेलं नाही.